कवळीचं पाणी

वहिनी वयाने ताईपेक्षा बरीच लहान होती आणि नोकरीतही दोन पायऱ्या खाली. तरी तिला वहिनी म्हणावं लागे, कारण तिने ताईच्या मोठ्या भावाशी लग्न केलं होतं. हे लग्न ताईनेच जुळवलं, असं घरचे म्हणत. ताईचं म्हणणं वेगळं होतं. तिने फक्त प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या मुलीला एका रविवारी चहाला घरी नेलं होतं. दादा तेव्हा चाळिशी उलटलेला होता आणि लग्नाचा विषय निघाला की पायात चपला सरकवून बाहेर पडायचा. त्या रविवारी तो बाहेर पडला नाही.

लग्नानंतर प्रयोगशाळेतही सगळे त्या मुलीला वहिनी म्हणू लागले. तंत्रज्ञ, स्टोअरकीपर, दारावरचा पहारेकरीसुद्धा. "लग्न एकट्या दादाचं झालं आणि वहिनी अख्ख्या कंपनीला मिळाली," असं तंत्रज्ञ म्हणायचा. सगळे हसायचे. ताई मान खाली घालून चाचणीच्या प्लास्टिक चकत्या मोजायची.

कंपनी टूथपेस्ट, माउथवॉश, साबण असल्या वस्तू बनवत असे. ताईच्या विभागाकडे कवळीचं काम होतं. झोपताना काढलेली कवळी ज्यात बुडवून ठेवायची, ते औषधी पाणी तयार करायचं. कवळीच्या गुलाबी प्लास्टिकवर जिवाणू येऊन बसतात, चिकट पदार्थ सोडतात आणि त्याच्या आडोशाला वस्ती करतात. अहवालात त्याला बायोफिल्म म्हणत, बोलताना बुळबुळ. वरवरचे जिवाणू औषधाने मरतात, तळाशी बसलेले तगतात आणि पुन्हा वाढतात. मग हिरड्या लाल होतात, तोंडाला वास येतो.

ताईने इतकी वर्षं एकच दिशा धरली होती, ती म्हणजे औषधाचा मारा वाढवायचा. तिचं पिवळसर पाणी खरोखर मारायचं. वहिनीने उलट्या टोकाकडून सुरुवात केली. तिने औषध निम्म्यावर आणलं आणि पाण्यात असा एक पदार्थ घातला, की त्याचा पातळ लेप प्लास्टिकवर बसे आणि जिवाणूंना चिकटायला जागाच मिळत नसे. "बसूच दिलं नाही, तर उठवायची कटकट कशाला?" असं ती बैठकीत म्हणाली आणि मॅडम हसल्या. मॅडम म्हणजे विभागप्रमुख. ताईच्या बोलण्यावर त्या मान डोलावत. हसल्या मात्र कधी नव्हत्या.

दोन्हींपैकी एकच पाणी पुढे जाणार होतं, कवळी वापरणाऱ्या माणसांवरच्या चाचणीला. दुसऱ्याचं काम तिथेच संपणार होतं.

निकालाच्या चाचणीआधीच्या रविवारी ताई आईला भेटायला दादाकडे गेली. बेसिनच्या कडेला आईचा कवळीचा पेला असे आणि त्यात ताईचं पिवळसर पाणी. बाजारात न आलेलं पाणी घरी नेणं नियमात बसत नव्हतं, पण आईच्या बाबतीत ताईने नियमाकडे काणाडोळा केला होता. त्या दिवशी पेल्यातल्या पाण्याला रंग नव्हता.

"आई, हे साधं पाणी कशाला घेतलंस?"

"साधं नाही गं. हिने आणलंय." आईने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "तुझं झोंबायचं."

"कधीपासून झोंबतंय?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढं हौसेने आणायचीस. म्हटलं, लेकीचं आहे, झोंबलं तर झोंबू दे."

"आणि सुनेचं?"

"तिचं झोंबतच नाही, तर काय करू?" आई म्हणाली.

दादा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "तुमच्या दोघींच्या चढाओढीत आईची कवळी विरघळायची एक दिवस."

"तू गप्प बस रे," ताई म्हणाली.

वहिनीला नियम दाखवायची सोय नव्हती. ती चोरवाट ताईनेच पाडली होती. ताई उठली, तशी वहिनी चहाचे कप घेऊन आली. ताईच्या हातात जो कप दिला त्यात साखर अगदी तिला लागते तेवढी होती. तेही हिने पाठ केलं होतं. ताईने कप रिकामा केला आणि घरी जाईपर्यंत त्या गोडीवर चरफडत राहिली.

चाचणी अशी होती. कवळीच्याच प्लास्टिकच्या चकत्या घ्यायच्या. काही ताईच्या पाण्यात बुडवायच्या, काही वहिनीच्या, काही साध्या. मग त्या सगळ्या चकत्या जिवाणू वाढवलेल्या रसात ठेवायच्या, बाहेर काढून धुवायच्या आणि जांभळ्या रंगात घालायच्या. जितका थर चिकटलेला, तितका रंग गडद. तो रंग यंत्र मोजतं. धुणं तेवढं हातावर. चकती चिमट्यात धरून मिठाच्या पाण्यात बुडवायची आणि काढायची. हात जड पडला तर चिकटलेला थरही फाटून जातो. बुडवल्यासारखं केलं तर न चिकटलेला गाळही थर म्हणून मोजला जातो. या दोन्हींच्या मधला हात विभागात एकट्या ताईला होता.

"धुणं तुम्हीच करा," मॅडम म्हणाल्या.

"त्यात माझं पाणी आहे, मॅडम."

"तुमचा हात नसला की आकडे हलतात. आणि डब्यांवर मी फक्त अक्षरं लिहिली आहेत. कोणती चकती कोणाची, ते माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नाही."

मॅडमचं चुकत होतं. जिवाणूंचं काम जिथे चालायचं त्या काचेच्या कपाटात हात घातल्याबरोबर ताईला तिन्ही डबे ओळखू आले. तिच्या पाण्याने चकत्यांना पिवळट झाक येई. वहिनीच्या चकत्यांवर थेंब ठरत नसे, घरंगळून कडेला गोळा होई.

ताईने आधी साध्या चकत्या धुतल्या, शिकवल्याप्रमाणे. मग स्वतःच्या घेतल्या. प्रत्येक चकती तिने पार बुडाशी नेली आणि तिथे चिमटा जरासा वळवला. बाहेरून पाहणाऱ्याला तो तिचा नेहमीचाच हात वाटला असता. वहिनीच्या चकत्या तिने पाण्याला टेकवल्या आणि उचलल्या. कानात आईचं 'पहिल्यापासून' वाजत होतं. तंत्रज्ञ मागून म्हणालासुद्धा, "ताईंचा हात म्हणजे फुलपाखरू." ताईने त्याला पुढचा डबा द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आकडे आले. साध्या चकत्या काळपट जांभळ्या. ताईच्या फिकट, मधेमधे डाग. वहिनीच्या त्याहूनही फिकट. ताईने जाणूनबुजून सोडलेला गाळ धरूनही.

"फरक थोडाच आहे," मॅडम म्हणाल्या. "वहिनीचं पाणी पुढे जाईल. ताई, तुमचं राखीव ठेवू. वर्षभर त्यावर काम चालू द्या."

हरूनही काम वाचलं होतं. का वाचलं, हे ताईला पुरतं माहीत होतं.

दुपारी सिंकपाशी वहिनी धुण्याची भांडी घासत होती. ताई हात धुवायला गेली, तेव्हा वहिनीने नळ बंद केला.

"ताई, तुमच्या चकत्यांच्या पाण्यात पापुद्रे तरंगत होते."

ताईने नळ पुन्हा सोडला आणि हात खाली धरले.

"आणि माझ्या चकत्यांच्या कडेला ओघळ राहिलेत. तुमच्या हाताखालून ओघळ सुटत नाही."

"मग जा, मॅडमना सांग."

"नाही सांगणार. धुवायला तुमचं नाव मीच सुचवलं होतं."

"तू? कशासाठी?"

"तंत्रज्ञाने धुतलं असतं तर सगळे म्हणाले असते, हा वहिनीचा लाडका दीर, सांभाळून धुतलं असणार. तुम्ही माझ्यावर जळता हे पहारेकऱ्यालाही माहितीये. तुमच्या हातून पार पडलं की कोणाला तोंड उघडायला जागा नाही."

"मी जळते?"

"ताई, इथे तिसरं कोणी नाहीये." वहिनीने भांडं उपडं घातलं. "मला वाटलं होतं, जळाल, पण हात सोडणार नाही. थोडा सोडलात. चालायचंच. मी ह्यांनाही बोलणार नाही, आईंनाही नाही. तुमचं काम वाचलंय ना? वाचू दे की."

ती हे मनापासून बोलत होती. ताईला तेच सहन होईना. वहिनीने तिला मॅडमसमोर उघडं पाडलं असतं, तर ताई भांडली असती, रडली असती, आयुष्यभर तिचं नाव घेऊन बोटं मोडली असती. आता दर रविवारी तिच्या हातचा चहा प्यायचा, आणि आपलं काम तिच्या मेहेरबानीवर तगलंय हे मनात ठेवून वर आईला विचारायचं, की कवळी बरी बसते ना.

ती तशीच ओल्या हातांनी मॅडमच्या खोलीत गेली.

"चाचणी बाद करा. मी नीट धुतलं नाही. माझ्या चकत्या जास्त धुतल्या, तिच्या कमी."

मॅडमनी चष्मा काढला. "डबे ओळखलेत?"

"ओळखले."

"मग तर तिचं पाणी दिसलं त्याहून चांगलं आहे, आणि तुमचं त्याहून वाईट."

"हो."

"कोणाच्या लक्षात आलं का हे?"

एका वाक्याचं काम होतं. वहिनीच्या लक्षात आलं होतं आणि तिने ते दडवलं होतं. आपल्याला जिंकवणारी चाचणी खराब आहे हे कळूनही गप्प राहिलेल्या माणसाच्या हाती मॅडमनी पुढची चाचणी दिली नसती. वाक्य ताईच्या ओठांपर्यंत आलं.

"नाही," ती म्हणाली. "कोणाच्याच नाही."

चाचणी पुन्हा झाली. हात तंत्रज्ञाचा होता. त्याला ताईनेच शिकवलं, मॅडमच्या देखत. साध्या चकत्यांवर त्याचा हात बसेपर्यंत तिने त्याला सोडलं नाही. या वेळी वहिनीच्या चकत्या जवळजवळ कोऱ्या निघाल्या. ताईच्या जांभळ्या होत्या, डोळ्यांनी लांबून दिसावं इतक्या. ताईचं काम बंद झालं. धुण्याच्या कामावरून तिला काढलं आणि माणसांवरच्या चाचणीत वहिनीच्या हाताखाली नेमलं. विभागात मात्र तिचं नाव झालं. "स्वतःहून जाऊन सांगितलं," तंत्रज्ञ ज्याला त्याला सांगत सुटला. "नणंद असावी तर अशी."

वहिनीने तिला जिन्यात गाठलं.

"मला माहीत होतं, हे मॅडमना सांगितलंत?"

"नाही."

वहिनीने कठड्याला टेकून श्वास सोडला. "सांगितलं असतंत तर माझी चाचणी गेली असती. कदाचित नोकरीसुद्धा."

"गेलीच असती."

"ताई, तुमचे उपकार मी कसे फेडू, मला खरंच कळत नाही."

"फेडायचे नाहीत," ताई म्हणाली. गेल्या कित्येक महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. "नुसते लक्षात ठेवायचे."