शेवटची ओळ

सँड्रा केलेटनं आपल्या गाण्याची शेवटची ओळ चौदा वर्षं प्रेक्षकांकडूनच गाऊन घेतली होती. गाजलेलं असं तिचं एकच गाणं, ‘जाताना दिवा ठेव’. पासष्ट साली ते इंग्लंडभर रेडिओवर वाजत होतं. शेवटच्या ओळीत सूर उंच चढतो. तिथं आलं की सँड्रा हसून माइक लोकांपुढे धरायची. लोक खुशीत गायचे आणि किती आपुलकीची बाई म्हणत घरी जायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो सूर तिला कधी लागलाच नव्हता.

रेकॉर्डवर ती ओळ एडना क्लफची होती. एडना रॉचडेलच्या सूतगिरणीतली, कोरसमध्ये गाणारी पोर. सातव्या खेपेलाही सँड्राचा आवाज फाटला, तेव्हा स्टुडिओतल्या साहेबांनी एडनाला पुढे उभं केलं, ओळ घेतली, चहा पाजला आणि बसमध्ये बसवून दिलं. कव्हरवर फक्त सँड्रा झळकली.

यंदा लंडनची एक कंपनी ती रेकॉर्ड नव्यानं काढणार होती. ते कळल्यावर जानेवारीत एडनाचं पत्र आलं. ‘या खेपेला माझं नाव घालाल का? बारीक अक्षरात चालेल. मुलींना दाखवायचंय.’ सँड्रानं पत्र पावडरच्या डब्याखाली सारलं. दोन ओळींचं उत्तर पुरलं असतं, पण तेवढंही तिच्या हातून झालं नाही. मार्चमध्ये एडना छातीच्या दुखण्यानं गेली.

जुलैतला बुधवार. समुद्रकाठच्या मोरकम गावी, धक्क्यावरच्या हॉलमध्ये दुपारी अडीचचा खेळ होता. चाळीसेक पेन्शनर कोट न काढताच बसले होते, कारण फळ्यांच्या फटींतून समुद्राचा वारा वर येतो. सँड्रानं शेवटच्या ओळीला माइक पुढे धरला. लोकांनी तोंड उघडायच्या आत आवाज आला. कोवळा, स्वच्छ, एकटा. उंच सुराआधी श्वास किंचित अडकला, अगदी रेकॉर्डवर अडकतो तसा.

पियानोवर नॉर्मन पिकपचे हात थांबले; रेकॉर्डच्या वेळीही साथीला तोच होता. लोक टाळ्या वाजवत होते. सँड्रानं माइक जवळ घेतला. त्याच्या जाळीवर वाफ धरली होती.

“ती एडना होती, हिल्डा,” आत आल्यावर नॉर्मन म्हणाला. सँड्राचं जन्मनाव हिल्डा, आणि त्या नावानं हाक मारणारा आता तो एकटाच उरला होता.

“टेपरेकॉर्डर लावलास कुठं? खरं सांग.”

“माझ्याकडे धड किटली नाही, टेपरेकॉर्डर कुठला? मी तिच्या मयताला गेलो होतो. तू फुलं पाठवलीस, त्यावरही नाव नव्हतं.”

“माझे खेळ चालू होते, नॉर्मन.”

“शनिवारी लंडनचा माणूस येतोय. त्याला सांगून टाक. तिला तेवढंच हवंय.”

सांगितलं तर काय होणार, हे सँड्राला पाठ होतं. पेपरवाले टपून बसलेलेच. उरलेली तीस गाणी कुणाला आठवत नव्हती. एक सूर काढून घेतला तर तिच्यापाशी केसांचा टोप आणि एक चमचमता झगा एवढंच राहणार होतं. ती भ्याली होती, आणि भ्यालेलं माणूस आधी आपलं ताट ओढतं.

शनिवारी लंडनचे प्रिडो साहेब तिसऱ्या रांगेत बसले. माइक पुढे झाला, आवाज आला, सँड्रानं नुसते ओठ हलवले, आणि साहेबांचे डोळे भरले.

“मिस केलेट, सूर अजून तसाच आहे हो,” ते आत येऊन म्हणाले. “एक विचारू? आमच्याकडे कुजबुज आहे की ती ओळ दुसऱ्याच कुणा मुलीची आहे. तसं असेल तर नाव घालू. कव्हर सोमवारी छपाईला जातंय.”

नॉर्मन टायची गाठ सोडता सोडता थांबला. खोलीत एकाएकी गारठा आला.

“माझीच आहे,” सँड्रा म्हणाली. “दुसरं कोण गाणार?”

तिच्या तोंडून निघालेलं ते शेवटचं वाक्य.

सोमवारी तिनं पहिल्या ओळीला तोंड उघडलं आणि गाणं सुरू झालं. पण तिच्या घशात काहीच हललं नव्हतं. कोवळा आवाज हॉलभर फिरत राहिला. ती घाबरून गप्प झाली, ओठ घट्ट मिटले, तरी तो थांबला नाही. मग तिनं पुन्हा ओठ हलवायला सुरुवात केली. दुसरं करण्यासारखं काय होतं? इतक्या टाळ्या तिला पासष्ट सालानंतर मिळाल्या नव्हत्या.

खेळ संपल्यावर ती नॉर्मनच्या मागे उभी राहून त्याला हाका मारत होती. तो पाठमोराच स्वरलिपीची पानं गोळा करत राहिला. शेवटी तिनं त्याची बाही ओढली.

“काय गं? बोल की,” तो म्हणाला. तिच्या हलत्या ओठांकडे पाहता पाहता त्याचा चेहरा उतरला.

दारात एक म्हातारी जुनी रेकॉर्ड घेऊन उभी होती. “सही दे गं पोरी. आज तर अगदी तरुणपणीसारखी गायलीस.”

सँड्रानं पेन घेतलं. कव्हरवरच्या आपल्याच हसऱ्या चेहऱ्यावर तिनं मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिलं, एडना क्लफ.

म्हातारीनं चष्मा सारखा केला. “ही कोण गं बाई?”

सँड्रानं सांगायला तोंड उघडलं.