पाणी न दिलेला दट्ट्या

मित्रांनो, मी एक जुना दट्ट्या आहे. म्हणजे असं मला वाटतं. माझ्या आत लोखंड आहे, अंगावर निकेलचा मुलामा आहे आणि त्या मुलाम्यात दगडालाही ओरखडा काढील अशी बारीक पूड आहे. या तिघांपैकी 'मी' म्हणणारा नक्की कोण, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

पंपाच्या नळीत वरखाली होऊन पाणी ओढायचं, हे दट्ट्याचं काम. मला बनवलं ते एका रोपवाटिकेच्या बाईंसाठी. त्यांच्या विहिरीत पाण्यापेक्षा वाळू जास्त. तिथले बेडूक म्हणे पोहण्याआधी खोकायचे. त्या वाळूनं दट्टे झिजायचे, पंप रुसायचा आणि रोपं माना टाकायची. "आता हा टिकला नाही तर रोपवाटिका बंद," असं बाई सांगून गेल्या होत्या.

मुलाम्याचा कारखाना सूनबाईंचा. सासरे तशी हाक मारायचे, म्हणून सगळेच त्यांना सूनबाई म्हणायचे. त्यांनी मला आणि माझ्या जुळ्या भावाला हिरव्या द्रावणात सोडलं, त्यात वीज खेळवली, पूड ढवळत ठेवली. निकेल पुडीसकट आमच्या अंगावर चढत गेलं. बाहेर आलो तेव्हा चकाकत होतो, पण अंग कोवळंच होतं.

"आता भट्टीत शेकू, म्हणजे कडक होतील," सूनबाई म्हणाल्या.

मी चक्रावलो. आगीत लोखंड मऊ पडतं, एवढंच मला ठाऊक. सासऱ्यांनाही तेवढंच ठाऊक होतं. ते पूर्वीचे लोहार. लोखंड लालबुंद करायचं आणि बुडवायचं, याला ते पाणी देणं म्हणत.

"सूनबाई, यांना पाणी कधी द्यायचं?"

"पाणी नाही, मामंजी. बेताच्या आचेवर शेकायचं आणि आपोआप निवू द्यायचं."

"एवढ्याशा आचेवर? लोखंडाला घामसुद्धा यायचा नाही."

"म्हणूनच सांगते, हात लावू नका."

आम्ही शेकून निवलो, सूनबाई टाकीकडे वळल्या आणि सासऱ्यांच्या हाताला खाज सुटली. त्यांनी चिमट्यानं एकाला उचललं, आपल्या जुन्या भट्टीत लाल केलं, पाणी दिलं आणि घासून चकचकीत केलं. आम्ही इतके जुळे, की भाजला तो मी की तो, हे मलाही कळेना.

तेवढ्यात बाई आल्या. "झाला का? रोपं करपायला लागलीत."

"हा न्या. खास आहे," सासरे म्हणाले.

बाई गेल्या. सूनबाईंनी उरलेल्याला, म्हणजे मला, तपासायला घेतलं. हिऱ्याचं टोक अंगावर दाबायचं आणि खळगा केवढा पडला ते भिंगातून बघायचं. खळगा इवलासा होता.

"चांगला कडक झालाय," त्या म्हणाल्या.

"मग तो तर याचा बाप असेल. त्याला मी लाल करून पाणी दिलंय."

सूनबाईंनी भिंग खाली ठेवलं. "मामंजी, शेकल्यावर निकेलात बारीक कडक दाणे तयार होतात. फार तापवलं की ते एकमेकांना चिकटून जाड होतात आणि मुलामा मऊ पडतो."

"आगीनं मऊ? तो काय लोणी आहे?"

"आणि वर पाणी दिलं की तडकतो."

मग सासरे मला मुठीत धरून रोपवाटिकेकडे धावत सुटले. मागून सूनबाई.

पंप तोवर गचके खाऊ लागला होता. भाऊ बाहेर निघाला तो मांजरानं ओरबाडल्यासारखा. मुलाम्याचे पापुद्रे सुटले होते.

"हा तर जुन्यापेक्षा वाईट निघाला, सूनबाई," बाई म्हणाल्या.

"त्यांना बोलू नका," सासरे म्हणाले. "याला मीच जरा जास्त जीव लावला."

मला बसवलं. वाळू अंगावरून करकरत गेली, मला गुदगुल्यासुद्धा झाल्या नाहीत. पाणी आलं. रोपं दुसऱ्या दिवशी उभी राहिली. पुढे कित्येक वर्षं मी वरखाली करत राहिलो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बाई माझं कौतुक सांगत राहिल्या.

आता तिथे नवा पंप आहे. मी कारखान्याच्या फळीवर आहे, शेजारी भाऊ. येणारे मला हातात घेऊन बघतात, त्याला कुणी शिवत नाही. पण मित्रांनो, आम्ही एकाच टाकीतले, एकाच पुडीचे. चिमटा चार बोटं इकडे सरकला असता, तर ही गोष्ट तो सांगत असता. कदाचित तोच सांगतोय, मला खात्री नाही.

म्हणून एवढंच मागणं आहे. कधी फळीवरची धूळ पुसायला याल, तर फडकं दोघांवरूनही फिरवा.