कोपऱ्यावरचा ओटा

"मग दिवसभरात तुम्ही जाता कुठं, मावशी?" वैष्णवीनं आवाज खाली आणत विचारलं.

कमळनं भारंगीच्या भाजीच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं आणि रस्त्यापलीकडच्या घराकडं हनुवटीनं दाखवलं. "गोजराआक्कांकडं."

हिंजवडीच्या वाटेवरच्या या बाजाराचा नवा आराखडा होणार होता आणि त्यासाठी वैष्णवी माहिती गोळा करत हिंडत होती. तिच्या कागदावर नळ, गटार, दिवे, संडास असे रकाने होते. गोजराआक्का त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसेनात. तिनं कागद बाजूला ठेवला आणि कमळ सांगेल ते ऐकत राहिली.

बारा वर्षांपूर्वी कमळ मुळशीच्या डोंगरातल्या वाडीवरून रानभाजीची पाटी घेऊन येऊ लागली, तेव्हा जायचं कुठं या भीतीपोटी दिवसभर पाणीच पीत नसे. एका दुपारी पोटात अशी कळ आली की ती रस्त्याच्या कडेलाच बसली. गोजराबाई म्हणजे इथली जुनी जमीनजुमल्याची बाई. त्यांनी कमळला हाताला धरून उठवलं आणि थेट परसातल्या संडासापाशी नेलं. सुनेनं नाक मुरडलं, भाडेकरू कुरकुरले. पण त्या दिवसापासून गोजराबाईंनी फाटकाला कडी लावली नाही. पुढं बाजारातल्या वीसेक बाया तिथंच जाऊ लागल्या.

"तू कुटली, कोनाची, कदी इचारलं न्हाई," कमळ म्हणाली. "पर दिवाळीनंतर घर पाडत्यात. तितं टावर हुनार हाय."

महिन्याभरानं देवळापुढं सभा भरली. नकाशात छप्पर होतं, ओटे होते, नळ होते. संडास मात्र पार मागं, ओढ्याच्या कडेला. कमळला नकाशा वाचता येत नव्हता, म्हणून वैष्णवीनं बोट ठेवून जागा दाखवली. त्या बाजूला भरदिवसा दारू पिणारे बसलेले असत. बायांत कुजबुज सुरू झाली. शेवटी कमळ उठली आणि तिथं एकही बाई जाणार नाही, असं तिनं सांगितलं. शेखर नावाचा अभियंता भला माणूस होता. त्यानं समजावलं, की पुढं जागाच उरलेली नाही. रस्त्याकडचा प्रत्येक ओटा कुणाच्या ना कुणाच्या नावावर लागला आहे.

कोपऱ्यावरचा कमळच्या नावावर होता. कंपन्यांच्या गाड्या तिथंच थांबत आणि उतरलेली माणसं पहिल्यांदा तिच्याच पाटीपाशी येत. नवरा गेल्यावर याच जागेवर बसून तिनं दोन पोरी शिकवल्या होत्या. नकाशावरचा तो बोटभर चौकोन तिनं वैष्णवीला विचारून घेतला आणि त्यावर हात ठेवला.

"माजा घ्या," ती म्हणाली. "मला मागं द्या."

शेखरनं तिला दोनदा विचारलं, नीट विचार केलाय का म्हणून.

"आक्कांनी घरात घेतलं आमाला," कमळ म्हणाली. "ह्यो तर नुसता ओटा हाय."

पुढच्या श्रावणात नवा बाजार सुरू झाला. संडास दर्शनी भागात, उजेडात उभा राहिला. दाराला आतून धड कडी, नळाला पाणी. कमळ शेवटच्या रांगेत गेली. गिऱ्हाईक तिथवर क्वचितच पोचे, आणि कितीदा तरी निम्मी पाटी वाडीवर परत जाई. तरी पुढच्या बाया न विसरता सांगत, रानभाजी पायजे तर पार मागं जा, कमळकडं.

गोजराबाई आता लेकाकडं, जवळच्या जांबे गावात बाराव्या मजल्यावर राहत होत्या. एका मंगळवारी काठी टेकत, विचारत विचारत त्या शेवटच्या रांगेपर्यंत आल्या. कमळनं लगबगीनं गोणपाट झटकून अंथरलं. कितीतरी बोलायचं तिनं मनात साठवून ठेवलं होतं.

"आक्का, लई केलंत तुमी," एवढंच ती म्हणाली.

गोजराबाई गोणपाटाच्या कडेला टेकल्या. शेत गेलं, परस गेलं, आता दिवस सरता सरत नाही, असं काहीसं त्या स्वतःशीच बोलल्यागत बोलल्या. मग पुढ्यातला कुर्डूच्या भाजीचा ढीग त्यांनी जवळ ओढला, पिकली पानं खुडून बाजूला टाकली आणि सरावाच्या हातांनी पहिली जुडी बांधली.

कमळ सरकली आणि तिनं त्यांना ओट्यावर ऐसपैस जागा करून दिली.