पूर्ण भाराची चाचणी

"काका, आधी ते पोतं हातगाडीवरून उतरवू. काय आणलंय एवढं?" सायकलवाल्याने विचारले.

"वाळू. चाचणीसाठी," फोरमन म्हणाले.

यंत्रशाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली, तरी सगळे त्यांना फोरमनच म्हणत. पूर्ण भार चढवून पाहिल्याशिवाय त्यांनी एकही यंत्र कधी ताब्यात घेतले नव्हते. समोरची ही ग्रॅव्हल बाइक तर त्यांना पहिल्यापासूनच संशयास्पद वाटत होती. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, टायर मात्र जाड. धड डांबराची नाही, धड रानाची नाही. दोन्हीकडून बोलणाऱ्या माणसावर त्यांचा जेवढा विश्वास होता, तेवढाच या सायकलीवर.

त्याहून मोठा संशय घरातच होता. साधी बादली बदलायची तरी वर्षभर विचार करणारी बायको महिनाभर या सायकलीसाठी त्यांच्या मागे लागली होती. फोरमननी होकार दिला तो एकाच हिशेबाने. पूर्वी संध्याकाळी ती जुन्या सायकलीच्या कॅरिअरवर बसायची आणि दोघे कालव्याच्या काठाने तळ्यापर्यंत जायचे. ती घरात पडली, तेव्हापासून हे बंद होते. "पुढच्या आठवड्यात येते हं," असे ती दर आठवड्याला म्हणे. जाड टायरमुळे तिच्या कमरेला हादरे कमी बसतील, असा त्यांचा कयास होता.

"तुम्हाला हेच टायर बरोबर," सायकलवाला सांगू लागला. "कालव्याकडची खडी सुटी आहे, पण खालची माती पक्की. तळ्याच्या चढाला हलका गिअरही आहे."

फोरमनचे डोळे बारीक झाले. "मी कालव्याकडे जातो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अंदाज हो."

"अख्खं गाव डांबरी रस्त्याने जातं. तुमचा अंदाज बरा माझ्याच वाटेवर येऊन थांबला."

सायकलवाल्याने उगाच साखळीला फडके लावले. "चालवून तर बघा."

"कॅरिअर कुठंय?"

"याला नसतो. बसवता येईल, पण पिशवीपुरता."

"मला माणसापुरता हवाय. हे पोतं बायकोच्या वजनाचं आहे. तोलून भरलंय."

सायकलवाला हसायला गेला आणि मध्येच थांबला. हातातले फडके त्याने बाजूला ठेवले.

"काकू येऊन गेल्या, काका. वाट त्यांनीच सांगितली. मी विचारलं, मागे कुणी बसतं का? म्हणाल्या, आता नाही बसवणार, डॉक्टरांनी कायमचंच सांगितलंय. माझ्यापायी यांचंही जाणं थांबलंय, एकट्याला नीट जाता येईल अशी द्या. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या."

फोरमननी पोते भिंतीशी सरकवले. मग त्यांनी सायकल बाहेर काढली.

त्यांनी ती कसून तपासली. डांबरावर ती जड जाते का, हे पाहिले; जात नव्हती. सुट्या खडीत मुद्दाम ब्रेक दाबला. मागचे चाक जरासे सरकले आणि सावरले. खाचखळग्यांत हात बधिर होतील अशी त्यांना आशा होती. तेही झाले नाहीत. चढाच्या तोंडाशी सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेले, "घट्ट धर गं." मागून फक्त टायरखालच्या खडीचा आवाज आला.

घरी बायको दारातच खुर्ची टाकून बसली होती.

"सायकलवाला पोटात काही ठेवत नाही," फोरमन म्हणाले.

तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "मला वाटलंच होतं. तुम्ही वकिलासारखे उलटे प्रश्न विचारले असणार." मग तिने विचारले, "पण आपल्या वाटेला कशी आहे?"

"बरोबर आहे."

"आणि चढावर?"

फोरमन पायरीवर बसले. यंत्रातला दोष सांगावा तशा स्वरात, तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "फार हलकी जाते."