अप्पांच्या फोनवरून गेलेली पत्रिका

माझं लग्न ठरलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण कालपासून अर्ध्या लातूरनं ‘मुलगा काय करतो गं?’ विचारून माझं डोकं उठवलंय.

झालं असं की अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, व्हॉट्सॲपवर जळकोटच्या मन्मथकाकांकडून ‘लग्नपत्रिका’ आली. ती पत्रिका नव्हतीच. पत्रिकेचं नाव लावलेलं चोरटं ॲप होतं ते. आधी काकांच्या फोनात घुसलं आणि तिथून आपलं आपण सगळ्यांना जात सुटलं. अप्पांनी दाबलं. फोननं विचारलं, अनोळखी ॲप घेऊ का? हो. मेसेज वाचू का? हो. नंबर बघू का? हो. दुकानात गिऱ्हाईकाला तोंडावर नाही म्हणणारा हा माणूस, त्या पत्रिकेला मात्र एकदाही ‘नाही’ म्हणाला नाही!

“मन्मथच्या घरची पत्रिका आन् उघडायची न्हाई? लोक काय म्हणतील?” वर माझ्यावरच डाफरले. “आन् तूच म्हणली होतीस ना, आता व्हायरस येत न्हाई म्हणून?”

कपाळ माझं! ते मी दुकानातल्या कॉम्प्युटरबद्दल बोलले होते. जुन्या विंडोजला अपडेट यायचे बंद झाले, नवीन विंडोज त्या डबड्याला पेलेना, म्हणून मी त्यावर लिनक्स टाकलं. ‘माझं बिलाचं बटण कुठं गेलं’ म्हणून अप्पा कितीतरी दिवस कुरकुरले. तेव्हा मी म्हटलं होतं, यात व्हायरसचा त्रास कमी. अप्पांनी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं, आणि तेही फोनला लावलं.

मी फोन हिसकावून त्याचं नेट बंद केलं, बँकेला कळवलं. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. अप्पांच्या नावानं पत्रिका फोनातल्या एकूण एक नंबरला गेली होती. घरात लग्नाची मुलगी मी एकटीच, मग लोकांनी धरलं माझं लग्न.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अप्पांचा फोन पुसून नव्यानं लावत बसले होते. आई माहेरी औशाला गेलेली. दार वाजलं. उघडलं तर कपाळाला विभूती, हातात पिशवी, घामानं भिजलेली गौरम्मा आत्या. अप्पांची थोरली बहीण, उदगीरची. मला ‘शरणार्थ’ म्हणून नमस्कार करायचंही सुचलं नाही.

ही आत्या आमच्या घरात कित्येक वर्षांत आली नव्हती. आजोबा गेले तेव्हा उदगीरहून येताना तिची गाडी रस्त्यात बंद पडली आणि अप्पांनी तिच्यासाठी माती थांबवली नाही. आजोबांना समाधीत बसवून झालं, मग आत्या पोचली. बापाचं तोंड बघू दिलं नाहीस, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. अप्पाही तावातावानं काहीबाही बोलून गेले. तेव्हापासून जे बोलणं तुटलं ते तुटलंच.

“आत येऊ का गं, मंजू?” दारातच विचारलं तिनं. मला इतकं कसंतरी झालं!

पाणी प्यायली, आणि पिशवीतून हिरवी इरकली साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. “हळद कधी हाय? पत्रिका दाबली मी, पण उघडंना. फोन लई जुना हाय माझा. म्हणलं, हळदीला आत्या लागतीच, आधीच जावं. बसूनं बोलिवलं, बास.”

बसू म्हणजे अप्पा.

आता काय सांगू हिला? गप्प बसावं, तर तिनंही ते दाबलेलं. म्हणजे तिच्याही फोनात ते शिरून बसलेलं, तिची पेन्शन त्याच नंबरला जोडलेली. सांगावं, तर बसूनं बोलावलंच नव्हतं हे सांगावं लागणार. मी आतल्या खोलीत जाऊन दुकानाच्या फोनवर अप्पांना लावला.

“अप्पा, गौरम्मा आत्या आलीय. पत्रिका बघून.”

“गिऱ्हाईक हाय,” म्हणाले आणि फोन ठेवला. असा राग आला! आपण घोळ घालायचा आणि निस्तरायला मी!

शेवटी मीच सांगितलं. आत्या, ती पत्रिका खोटी होती. व्हायरस होता. अप्पांना न कळता सगळ्यांना गेला, तसा तुला आला.

“असं व्हय,” ती म्हणाली. इरकलीची घडी मोडली नव्हती, तरी तिनं ती पुन्हा नीट केली. मग तिनं फोन माझ्या हातात दिला.

आत ‘बसू’ नावावर एकच मेसेज होता, ती पत्रिका. खाली आत्यानं लिहिलेलं, ‘येते रे’. अप्पांचं व्हॉट्सॲप तेव्हा बंद होतं, त्यामुळे ते पोचलंच नव्हतं.

“सगळं पुसावं लागेल, आत्या. फोटो, मेसेज, सगळं.”

“पूस. ती तेवढी पत्रिका ऱ्हाऊ दे.”

“अगं, तीच तर काढायचीय!”

“त्याच्याकडून आलेलं एवढंच हाय गं माझ्यापाशी.”

“फोटो काढून देऊ का तिचा?”

“फोटो घेऊन काय करू? त्याच्याकडून आलेली पाहिजे.” मग माझं तोंड बघून म्हणाली, “जाऊ दे. पूस.”

मी बटण दाबलं. डोळे भरून आले होते, दिसतही नव्हतं धड. मान वर केली तर दारात अप्पा उभे. कधी आले कोण जाणे, पण सगळं ऐकलं होतं त्यांनी, चेहराच सांगत होता. तसेच मागे वळून झपाझप बाहेर पडले.

“अप्पा!” मी ओरडलेच. “अहो, एक हाक तर मारा तिला!”

वळूनही बघितलं नाही.

आत्या उठून दारापाशी गेली. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. उंबऱ्याशी अप्पांच्या चपला तशाच पडलेल्या.

“बिगर चपलाचा गेला गं बसू,” ती म्हणाली. “पाय पोळतील त्याचे.”

पिशवी तिथंच ठेवून तिनं त्या चपला हातात घेतल्या आणि दुकानाच्या रस्त्याला लागली.