कोशकार जावई समजूत घालतो

शब्दकोश करणाऱ्या माणसाला जावई करून घेताना सासूबाईंनी एकच गुण पाहिला होता: बोलतो कमी. हा अंदाज साफ चुकला. कमी बोलायचा, कारण त्याला कोणी काही विचारत नसे.

सासूबाई प्रवासाच्या बॅगा शिवायच्या. त्यामुळे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठी वाढल्यात, पिशवी काढावी लागेल," तेव्हा त्यांनी धंद्यातलाच प्रश्न केला, "आतून अस्तर लावून भागत नाही का?" भागत नव्हतं. रक्त जाऊन जाऊन त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. आणखी थांबणं जिवावर बेतलं असतं. पण होकार देईनात. "जिच्यात लेक वाढली ती कापून कचऱ्यात टाकू? कात्री माझ्याही हातात असते, मला नका शिकवू."

शेवटी लेकीने नवऱ्याला खाटेपाशी बसवलं. "डॉक्टर फेरीवर येतील तोवर तिची समजूत घाल. एवढंच सांग, घाबरण्यासारखं काही नाही."

एवढं वाक्य कोणीही म्हटलं असतं. पण जावयाची कामाची रीत अशी, की शब्दाचं मूळ खणल्याशिवाय अर्थाला हात लावायचा नाही.

"आई, हिस्टेरिया हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक शब्दावरून आला. जुन्या वैद्यांना वाटायचं, हा अवयव अंगभर हिंडतो. मग सुवासाची लालूच दाखवून त्याला जागेवर आणायचे."

सासूबाई उठून बसल्या. "हिंडतो? मग डॉक्टरीणबाई पोट फाडणार कुठे? आधी सापडू दे म्हणावं." आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

लेकीने अशा नजरेने पाहिलं, की जावयाने चष्मा पुसायच्या निमित्ताने मान खाली घातली. तिथे गप्प बसायला हवं होतं. पण अर्धवट राहिलेली नोंद त्याला घास गोड लागू देत नाही.

"ते ग्रीकांचं झालं," तो चाचरत म्हणाला. "आपल्या शब्दात हिंडणं नाही. गर्भाशयातला 'आशय' म्हणजे कोणी निजतं, विसावतं ती जागा. गर्भाची झोपायची खोली."

भिंतीकडून आवाज आला, "खोली होय."

"हो."

"पिशवी नाही."

"पिशवी आपलं बोलण्यातलं."

सासूबाई वळल्या. लेकीला पायापासून केसापर्यंत न्याहाळलं. "ही बया तर कधीच खोली सोडून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"आई, काय गं."

"मग रिकाम्या खोलीत ह्या गाठी कोणाला विचारून घुसल्या?"

जावयाने 'गाठ' हा शब्द कागदावर टिपून घेतला.

डॉक्टरीणबाई आल्या, तर सासूबाईच आधी बोलल्या. "बाई, खोलीसकट काढा. असल्यांना एकदा बसू दिलं की हलत नाहीत."

डॉक्टरीणबाईंना बोलणं कळलं नाही, होकार कळला. "काही शंका?"

"शंका नाही. भूल द्यायच्या आधी जावईबापूंना तेवढं बाहेर काढा. नाहीतर भूल कुठून आली ते सांगत बसतील, आणि मला शुद्धीत राहून ऐकावं लागेल."

जावयाने तोंड उघडलंच होतं. बायकोने दंड धरून त्याला बाहेर नेलं. व्हरांड्यात ती भिंतीला टेकून रडली. आणि त्याने, कोण जाणे कसं, काहीही न सांगता नुसता रुमाल पुढे केला.