वावरातून यायची वेळ

जीवरामआबा ताट घेऊन खोलीत शिरले, तशी बेबाबाईने पदर कपाळाखाली ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं. वर्षभर हेच चाललं होतं. पांढरी टोपी, हातात काठी, म्हणजे हा म्हातारा आपला नवरा नव्हे, सासराच, अशी तिची खात्री झाली होती. अल्झायमरने लेकरांची नावंसुद्धा पुसून नेली. सासऱ्यासमोर घास घ्यायचा नाही, एवढं मात्र ती विसरली नव्हती. संध्याकाळ झाली की मागच्या दाराशी धडपडायची, धरायला जाणाऱ्याला चावायची.

दोन आठवड्यांपूर्वी जळगावच्या डॉक्टरांनी भांगेच्या अर्काचे थेंब लिहून दिले. शिवरात्रीची भांगही ज्यांनी कधी ओठाला लावली नव्हती, ते आबा आता सून कामिनीच्या मागे लागून रोज थेंब मोजून द्यायला लावत.

"याने आठवण परत येईल असं धरून चालू नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. "अभ्यास अजून चालू आहे. जीव शांत झाला, चार घास पोटात गेले, तरी पुष्कळ."

आबांनी मान डोलावली होती आणि मनात उलटंच धरलं होतं. तिने एकदा आपल्याला ओळखावं, एवढाच त्यांचा लोभ होता.

जीव शांत झाला खरा. पदर काही मागे सरकेना, आणि अंगावरचं मांस झडतच होतं.

आज कामिनीने घास पुढे केला, तर बेबाबाईने तो ढकलला नाही. हळूच म्हणाली,

"आधी मामंजींले वाढ. ते वावरातून आले नही अजून. ते आले का मंग मी जेवीन."

"ते कोण, आई?"

बेबाबाई चक्क लाजली. नाव कसं घेणार? तिने मागच्या दाराकडे बोट केलं.

आबांच्या हातातलं ताट कामिनीने घाईने धरलं. ते बाहेर गेले. टोपी खुंटीला अडकवली, काठी कोपऱ्यात ठेवली, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि भिंतीला धरत धरत घराला वळसा घातला. मागच्या दारी पाय धुतले आणि पूर्वीसारखे खाकरून आत आले.

बेबाबाई बराच वेळ पाहत राहिली. पदर आपसूक खांद्यावर आला.

"इतला येळ?"

"केळीले पानी भरत होतो."

"बसा मंग." तिने भाकरीचा तुकडा मोडला, आणि इकडेतिकडे पाहत आवाज खाली आणला. "मामंजी जेवले ना?"

"जेवले," आबा म्हणाले. "तू जेव आता."

आणि ती जेवली.